चादरीचं दुसरं टोक

दवाखान्याच्या चादरी शनिवारी धुवून, वाळून निघायच्या आणि रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला टेम्पो त्या न्यायला यायचा. मधल्या वेळात दीडशे चादरींच्या घड्या कोणी घालायच्या, हा प्रश्न लाँड्रीवाल्या मावशीनं नऊ वर्षांपूर्वी भलत्याच रीतीनं सोडवला होता. तिची स्वतःची दारू सुटून तेव्हा वर्ष झालं होतं. सुटलेली दारू एकटीनं सांभाळणं म्हणजे ओल्या कपड्यांनी भरलेला टब एकटीनं उचलणं, कंबर कधी धरेल सांगता येत नाही, असं तिचं मत पडलं. मग तिनं ओळखीतल्या दोन पिणाऱ्यांना बोलावलं, चहा दिला आणि हातात चादरीची टोकं दिली.

तेव्हापासूनची ही रीत. चादरीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं घडी पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. सांगायचं ते एकाच दिवसाचं. आपापला दिवस ज्यानं त्यानं निवडायचा, पण एकच. जन्मभराचं रडगाणं नको, मावशी म्हणायची, चादर तेवढी मोठी नसते. आणि दर रविवारी तोच दिवस पुन्हा सांगायचा, मात्र त्यात आधी न सांगितलेलं काहीतरी हवं. दारूनं दिवस खाल्लेला असतो, पण कोपऱ्याकोपऱ्यांत खरकटं उरलेलं असतंच, ते हळूहळू सापडतं. ज्या दिवशी काही सापडणार नाही त्या दिवशी गप्प घडी घालायची. त्यात कमीपणा नाही.

दोघं टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत यायचे, बोटांना बोटं लागायची, की पुन्हा मागे. कुणाचे हात थरथरत असले तर ते चादरीतून दुसऱ्याला आपोआप कळायचं. वेगळं विचारावं लागत नसे.

मधली इथं आली त्याला पाच महिने झाले होते. तीन बहिणींतली ती मधली, म्हणून माहेरी मधली. सासरच्यांनीही तेच उचललं आणि इथंही तेच चिकटलं. वय एकोणतीस. गाद्यांच्या कारखान्यात खोळी शिवायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले आठ-दहा दिवस घरी. तो नसलेल्या दिवसांत त्याच्या कपाटातल्या बाटलीनं तिला आधी झोप दिली, मग दुपार दिली, मग सकाळही दिली, आणि एक दिवस बालवाडी सुटली तरी ती मुलीला आणायला गेली नाही. तो तिचा दिवस. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती, लाडाचं नाव ठकी. त्या दिवशी ठकीला नणंद जी घेऊन गेली ती अजून नणंदेकडेच होती. नवरा एवढंच म्हणाला होता, ताई म्हणेल तसं.

आणि आज ताई येणार होत्या. सकाळी दहाला. ही मंडळी काय करतात ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग ठकीला परत घरी पाठवायची की नाही ते सांगायचं, असं त्यांनी फोनवर कळवलं होतं. शिवाय ठकीची बॅग भरून ठेवली आहे, हेही त्या जाता जाता बोलून गेल्या होत्या. त्या एका वाक्यावर मधलीनं चार दिवस काढले. मुलीच्या उशीची खोळ धुतली. मग वाटलं नीट वाळली नाही, म्हणून पुन्हा धुतली.

तिनं एक केलं होतं, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. केलं होतं म्हणजे दोन गोष्टी केल्या होत्या, आणि दुसरी पहिलीच्या पाठोपाठ आली होती.

पहिली अशी. तीन-साडेतीन महिने तिच्याकडे सांगायला दर आठवड्याला काहीतरी निघत गेलं. घड्याळ पाहिलं होतं ते आठवलं. उठून पुन्हा बसले ते आठवलं. गजर वाजला होता, तो आपण स्वतः बंद केला होता, हे सांगताना तर तिला खाली बसावं लागलं होतं आणि मावशीनं चादर तशीच टेबलावर टाकून पाणी आणलं होतं. मग एका रविवारी काहीच निघालं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. ती गप्प घडी घालत राहिली. कमीपणा नाही म्हणतात, पण बाकीचे बोलताहेत आणि आपण मुक्यासारख्या उभ्या, तर परीक्षेत कोरा पेपर देऊन आल्यासारखं वाटतं. रिटायर झालेला कंडक्टर तिच्याच रांगेत असायचा, त्याचं बघा. भर ड्युटीवर तो एका स्टॉपवर घोटभर घ्यायला उतरला, बस त्याला तशीच टाकून निघून गेली, आणि लोक फुकट उतरायला लागले तेव्हा चार स्टॉपांनी ड्रायव्हरच्या लक्षात आलं. नऊ वर्षं तो तोच दिवस सांगतोय आणि अजून त्यात नवीन प्रवासी सापडतात. परवा एक म्हातारी सापडली, तिचे सुटे पैसे द्यायचे राहिले होते. सांगताना हसवतो आणि म्हातारीपाशी आला की थांबतो.

तिसऱ्या रविवारी मधलीच्या तोंडून निघून गेलं, की तिला नंतर कळलं, ठकी बालवाडीच्या पायरीवर बसली होती तेव्हा तिचा एक बूट पायात होता आणि एक हातात. असं काही तिला कळलेलं नव्हतं. तोंडाला आलं, झालं. चादरीच्या दुसऱ्या टोकाला गवंडी होता, आडदांड माणूस, त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मधलीच्या पोटात असं काही ऊबदार पसरलं, की ते कशासारखं आहे हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तिनं ते कळू दिलं नाही. पुढच्या रविवारी तिनं मोजा ओला केला. त्याच्या पुढच्या रविवारी ठकी तो बूट छातीशी धरून बसली. गोष्ट आता कुठं अडत नव्हती, पाण्यासारखी वाहायची. मावशी एकदा नुसती म्हणाली, मधले, फार सरळ घडी पडायला लागली गं तुझी. ते चादरीबद्दल नव्हतं.

दुसरी गोष्ट मंगळवारची.

दहाला पाच कमी असताना नणंद आली. नोंदणी कचेरीत कारकून होती ती. कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि रिक्षात बसण्याआधी मीटर बघायची. दारातच तिनं चपला काढल्या. मावशी म्हणाली, राहू द्या, इथं फरशी ओली असते. नणंदेनं चपला पुन्हा घातल्या आणि खोलीवरून नजर फिरवली. तीन मोठी मशीनं बंद, चौथं कोपऱ्यात घरघरतंय. लांब टेबलावर पांढऱ्या चादरींचा डोंगर. खिडकीच्या काचांवर वाफ. कंडक्टर, गवंडी, मावशी आणि कधीमधी येणारी एक म्हातारी, तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत.

मावशीनं पाहुणीला स्पष्ट सांगितलं, की इथं आलेल्यानं चहापाशी बसावं नाहीतर चादर धरावी, मध्ये उभं राहिलं की वाटेत येतं. नणंदेला रिकामं बसणं आयुष्यात जमलं नव्हतं. तिनं पर्स खुर्चीला अडकवली आणि विचारलं, कुणाबरोबर.

कंडक्टरचे गुडघे त्या दिवशी दुखत होते. गवंडी आणि टायपिस्टबाईंची जोडी लागलेली होती. मावशीनं मधलीकडे बघितलं. ते मुद्दाम होतं की नाही, हे मधलीला पुढं कधीच कळलं नाही. ताईंच्या हातात चादरीची दोन टोकं आली, दोन तिच्या हातात. मावशीनं ताईंना नियम सांगितला. घडी पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. ताई म्हणाल्या, बरं. कचेरीत काउंटरवर म्हणतात तसं.

मधलीनं सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. सकाळ कशी होती, नवरा कधी निघाला, कपाट, कप. चहाच्याच कपातून घ्यायची, म्हणजे स्वतःलाही चहाच वाटावा. गजर. घड्याळ. दोघी चालत जवळ आल्या, टोकं जुळली, मागे गेल्या. ताईंचे हात घट्ट होते, त्यांनी चादर अशी ताणली होती की सुरकुतीची छाती नव्हती पडायची. मधली बोलत राहिली. पायरी आली. एक बूट पायात आणि एक हातात. ओला मोजा.

चादर थांबली.

ताई जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी मावशीकडे एकदा पाहिलं. घडी अर्धीच झाली होती. मग त्या चालत पुढे आल्या, टोकं मधलीच्या बोटांत दिली, खालची घडी उचलली, पुन्हा दुमडली. चौकोन झाला. तो त्यांनी ढिगावर ठेवला, कडा सारखी केली आणि मग म्हणाल्या,

"दोन्ही बूट पायात होते."

मधलीनं ढिगावरच्या चौकोनाकडे बघितलं.

"मी आणलं ना गं तिला. मला ठाऊक आहे. मोजेही कोरडे होते."

कोपऱ्यातलं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं. त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

गवंडी टेबलावर हात टेकून उभा राहिला. तो हळूच म्हणाला, की त्या बुटावर मी रडलो होतो. कंडक्टर म्हणाला, आता ते परत मिळायचं नाही, तिकीट फाडलं की फाडलं. टायपिस्टबाई हसल्या आणि मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. मावशी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं फक्त विचारलं, किती रविवार. मधली म्हणाली, चार. मावशीनं मान हलवली. नऊ वर्षांत असं करणारी तू पहिली नाहीस, ती म्हणाली. एकानं तर गोष्टीत अख्खा भाऊ मारला होता, नंतर तो भाऊ त्याला न्यायला आला दारात.

ताईंना मात्र यातली गंमत कळण्यासारखी नव्हती. तरीही त्यांनी समजुतीनं घेतलं, आणि तेच मधलीला जड गेलं. त्या म्हणाल्या, बुटाचं काय मोठंसं, माणसाला नीट आठवत नाही, होतं असं. पाच महिने घेतली नाहीस हे खरं की नाही, तेवढं सांग, म्हणजे पुढचं बोलू. ठकीची बॅग भरलेली आहे. ती रोज उघडून बघते, आपला पिवळा फ्रॉक आत आहे ना म्हणून.

हो म्हणायचं होतं. एवढंच. एकच अक्षर. मधलीनं ढिगातली दुसरी चादर ओढली आणि तिची टोकं ताईंपुढे धरली. हे तिनं का केलं ते तिला सांगता आलं नसतं. रिकाम्या हातांनी तिला ते बोलता येणार नव्हतं, इतकंच. ताईंनी क्षणभर त्या टोकांकडे बघितलं आणि धरली.

यावेळी आवाज लागला नाही. मंगळवार, ती म्हणाली आणि थांबली. मंगळवारी पहाटे ते गेले, एकोणीस दिवसांसाठी. कारखान्यात वीज गेली म्हणून आम्हाला दीडला सोडलं. घरी आले तर घर असं होतं. असं म्हणजे कसं, ते तिला सापडेना. चादर दोघींच्या मध्ये लोंबत राहिली. मग म्हणाली, घर स्वच्छ होतं ताई. मीच केलेलं. बसायला कुठं जागाच नव्हती असं वाटलं. मग मी खाली गेले आणि पाव बाटली आणली. रस्त्यात असं वाटलं, की बूट पचला, हेही पचेल. खरंच असंच वाटलं, याच शब्दांत.

आता चादर थरथरत होती आणि ती थरथर ताईंच्या मनगटांपर्यंत जात होती. त्यांनी टोकं सोडली नाहीत.

संध्याकाळी सातला रोजचा फोन, मधलीनं सांगितलं. फोनवर रोज ती ठकीला गोष्ट सांगायची, एका बटणाची. ते शर्टावरून तुटून पडलं होतं आणि आपला शर्ट शोधत निघालं होतं. पाच महिने शोधतच होतं. त्या मंगळवारी मधलीनं त्याला नदी ओलांडायला लावली, आणि ते पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा तीच नदी ओलांडायला लावली. ठकी म्हणाली, आई, नदी झाली ना. मधलीनं फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग ठकीच म्हणाली,

"बरं, ओलांडू दे परत."

"तिला कळलं," मधली म्हणाली. "तिनं मला सांभाळून घेतलं. ताई, मंगळवारनंतर घेतली नाही. पण मंगळवारी घेतली."

घडी झाली नव्हती. अजून दोनदा दुमडायची राहिली होती. ताईंनी ती दुमडली, पण पहिल्यासारखी नाही, एक कडा बाहेर राहिली. मावशीनंही ती सरळ केली नाही.

ताई खुर्चीपाशी गेल्या. पर्स उघडली. आतून त्यांनी एक जुना फोन काढला, त्याच्याभोवती चार्जरची वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं होतं. तो टेबलावर चादरींशेजारी ठेवला.

त्या सांगू लागल्या, ते मधलीला नाही, मावशीला. मंगळवारी त्या स्वयंपाकघरात होत्या. फोनमधून आवाज कसातरी येत होता, म्हणून त्यांनी ठकीला विचारलं, आईचा आवाज आज असा का गं. ठकी म्हणाली, आईचा फोन खराब झालाय. दोन दिवस तिनं धोशा लावला, की आत्या, आईला तुझा जुना फोन दे, म्हणजे आईचा आवाज नीट येईल. म्हणून हा आणला. पाच वर्षांची नाही अजून. एवढं बोलून ताई खुर्चीत बसल्या. रिकामं बसणं त्यांना जमलं नव्हतं आयुष्यात, तरी बसल्या.

साडेदहा वाजून गेले होते आणि निम्म्याहून जास्त चादरी तशाच होत्या. कंडक्टर उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गवंड्याला म्हणाला, चला, पुढे सरका, टेम्पो थांबणार नाही आपल्यासाठी. त्या दोघांनी एक चादर उचलली. टायपिस्टबाईंनी मशीनमधले उरलेले कपडे काढायला घेतले. मावशीनं ताईंसमोर चहा ठेवला. मधलीला कोणी जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. इथं तशी रीत नव्हती. तिच्याकडे पाठ फिरवून सगळे आपापल्या कामाला लागले, म्हणजे तिला तोंड पुसता यावं.

मग ताईंनी चहा अर्धा ठेवला आणि त्या उठल्या. ढिगातून त्यांनी स्वतःच एक चादर काढली. दोन टोकं मधलीच्या हातात दिली.

"आता मी सांगते. तू बोलू नकोस."

मधलीनं मान हलवली.

त्या दिवशी तीन वाजता त्यांना कचेरीत फोन आला. बालवाडीतल्या झाडूवालीचा. ठकीच्या दप्तरावर आत्याचा नंबर लिहिलेला होता. ताईंनी रिक्षा केली, मीटर न बघता, तेवढी एकच वेळ. पायरीवर झाडूवालीनं पोतं अंथरून दिलं होतं, त्यावर ठकी बसली होती. रडत नव्हती. डबा उघडा होता. पावाचा उरलेला तुकडा तिनं दोन भागांत मोडून ठेवला होता आणि एक भाग झाडूवालीला देऊ करत होती. ताई जवळ गेल्या तर तिनं आत्याला मिठीबिठी मारली नाही. आधी म्हणाली, आत्या, आईला रागवू नकोस हं, आज आईच्या कारखान्यात खूप गाद्या आल्यात, सगळ्यांना खोळी घालायच्यात. झाडूवालीलाही तिनं हेच सांगून ठेवलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोघी चालत जवळ आल्या. टोकं जुळली. ताईंची बोटं गार होती. मागे गेल्या.

घरी नेलं, ताई म्हणाल्या, आणि बूट काढायला बसले. नाडीची दुहेरी गाठ होती, घट्ट. माझ्या नखानं सुटेना. शेवटी चमच्याच्या दांडीनं सोडवली. एवढी पक्की गाठ मी बांधत नाही, माझा भाऊ तर नाहीच नाही. सकाळी तूच बांधली होतीस. पोरगी धावताना पडू नये म्हणून. मला तेव्हा इतका राग आला होता तुझा, की ती गाठ बघून आणखी आला. एवढं कळतंय हिला, मग बाकीचं का कळत नाही.

मधलीच्या डोळ्यांसमोर ती गाठ येत नव्हती. तिनं आठवून बघितलं, जोर लावून बघितलं. सकाळचा तो भाग तिच्याकडे नव्हताच. कपाटापासून पुढचंच होतं. ती तोंड मिटून उभी राहिली, चादरीची टोकं छातीशी आली होती, आणि तिनं मनात ती गाठ घातली नाही. ताईंनी सांगितली तेवढीच ठेवली.

घडी झाली. ताईंनी ती ढिगावर ठेवली.

नंतर त्यांनी सांगितलं ते थोडक्यात. ठकी आज येणार नाही, पुढच्या रविवारीही नाही. दारू सुटेल तेव्हा सुटेल, त्यातलं त्यांना काही कळत नाही, ते या मंडळींनी बघावं. पण ती पोर आईसाठी खोटं बोलायला शिकली आहे आणि ते त्यांना त्यांच्या घरात नको आणि तिच्याही घरात नको. ते आधी सुटलं पाहिजे. तोवर दर बुधवारी संध्याकाळी त्या स्वतः ठकीला घेऊन येतील, दोन तास बसतील, घेऊन जातील. मधली नुसती हो म्हणाली. आता ते अक्षर निघालं.

मावशी म्हणाली, मंगळवारी इथं लॉजचे टॉवेल असतात, रात्री आठपर्यंत मशीन चालू असतं. सातचा फोन इथूनच करायचा, माझ्या समोर. ही विनंती नव्हती. कंडक्टर म्हणाला, वीज गेली आणि लवकर सोडलं तर मला मिस कॉल द्यायचा, मी स्टॉपवर उभा राहीन, मला उभं राहायची सवय आहे. गवंड्यानं तिच्या वाट्याच्या चादरी आपल्या बाजूला ओढल्या आणि ताईंना स्टॉपपर्यंत सोडून ये म्हणून हातानंच खूण केली.

बाहेर ऊन लख्ख होतं आणि दुकानं अर्धी बंद. दोघी शेजारी शेजारी चालल्या. रस्ता ओलांडताना ताईंनी सवयीनं तिचा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला. स्टॉपवर बाकावर कुणीतरी वर्तमानपत्र ठेवून गेलं होतं, ते बाजूला करून त्या बसल्या. मधली उभी राहिली. तिला फार झोप आली होती, उभ्या उभ्या येते तशी. बॅगेचं काय करू, ताई म्हणाल्या, ती रोज उघडते. मधली म्हणाली, रिकामी करा. मग म्हणाली, नको, तिला करू दे. मी सांगितल्यावर.

"तू सांगणार?"

"आज सातला."

"काय सांगशील?"

मधलीनं रस्त्याकडे बघितलं. बस लांब दिसत होती, सिग्नलला अडकलेली.

"फोन चांगला आहे म्हणून सांगेन. आई त्या दिवशी दारू प्यायली होती म्हणून सांगेन. आणि आत्याला कुणी काही विचारलं तर खरं सांगायचं, आई रागावणार नाही."

"ती विचारेल, दारू म्हणजे काय."

"मग तेही सांगेन."

ताईंनी शेजारचं वर्तमानपत्र दुमडून ठेवलं. मग म्हणाल्या, की सांगताना मी तिच्या शेजारी बसेन, फोन स्पीकरवर ठेवेन, पण मध्ये बोलणार नाही. आणि बटणाचं आज नको, आज हेच पुरे होईल. बस आली. ताई चढल्या, आतून खिडकीशी आल्या, काच ओढायचा प्रयत्न केला, ती उघडेना. काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. बस गेली.

साडेअकरा झाले होते. मधली परत फिरली. अजून वीस-पंचवीस चादरी असतील, आणि संध्याकाळचे सात वाजायला खूप वेळ होता.